चौऱ्याऐंशी काड्या आणि एक मालती

अक्षराच्या पुलात चौऱ्याऐंशी काड्या होत्या आणि चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी काड्यांना नावं होती. आइस्क्रीमच्या साध्या काड्या, पण प्रत्येकीच्या टोकाला स्केचपेनाने दोन डोळे काढलेले आणि खाली नाव. पहिली नावं वर्गातल्या मुलामुलींची. वर्ग संपल्यावर शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका, त्यांचा क्लीनर आणि सोसायटीचे तिन्ही वॉचमन आले. मग ओळखीची माणसंच संपली, आणि पडवळ, दोडका, बीट, नवलकोल अशी भाजीमंडई सुरू झाली. रोज संध्याकाळी गृहपाठ झाला की पाचवीतली ही पोरगी वही उघडून हजेरी घ्यायची आणि चौऱ्याऐंशी वेळा, निरनिराळ्या आवाजांत, स्वतःच "हजर" म्हणायची. नवलकोल जरा घसा बसल्यासारखा बोलायचा.

अक्षराची आई, आसावरी, हे स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि तव्यावरची पोळी करपायची. नावांमुळे नव्हे, चौकोनांमुळे.

आसावरी पुण्याहून बंगळूरला आली ती नोकरीसाठी, आणि अद्वैत होईपर्यंत आठ वर्षं तिने एकच काम केलं होतं. फ्लायओव्हर कागदावर उभे करायचे आणि ते पडणार नाहीत याची आकडेमोड करायची. आता दहा महिन्यांचा अद्वैत कडेवर, सर्जापूर रोडवरचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि डायनिंग टेबलावर दिवसेंदिवस लांबत चाललेला हा पूल, ज्यात औषधालासुद्धा तिरकी काडी नव्हती. चौकोनाला चिकटून चौकोन, त्याला चिकटून आणखी एक चौकोन. चौकोनाला बाजूने ढकललं की तो लवंडतो. त्यात एक तिरकी काडी घालून दोन त्रिकोण केले की जागचा हलत नाही. सांगायला अर्धं मिनिट पुरे. पण सांगायची सोय नव्हती.

कारण हमीपत्र.

यंदा शाळेच्या विज्ञान स्पर्धेत काड्यांचा पूल करायचा होता आणि सोबत पालकांची सही हवी होती. 'पाल्याच्या पुलाला आम्ही हात, बोट, चिमटा, चमचा अथवा अन्य कोणत्याही साधनाने स्पर्श केलेला नाही व करणार नाही.' चमचा तिथे कुणामुळे आला हे विचारायचं धाडस आसावरीला झालं नाही. तिने सही केली, तिच्या नवऱ्याने, शुभंकरने केली. अक्षराने दोन्ही सह्या निरखून पाहिल्या आणि आपलं एक कलम तोंडी जोडलं.

"आणि सांगायचं पण नाही. सांगणं म्हणजे तोंडाने हात लावणं."

"बरं," आसावरी म्हणाली.

"बरं नाही. शपथ."

"अगं शपथ."

पोरीचं बरोबरच होतं. गेल्या वर्षी आसावरीने तिला पाण्यावर चालणारी क्रेन करून दिली होती. म्हणजे आसावरीने केली होती, अक्षराने शेजारी बसून डिंकाची बाटली धरली होती. परीक्षकांनी विचारलं, ही नळी कशाला? अक्षरा म्हणाली, आईला विचारा. हॉलभर हशा पिकला. आणि आसावरी खरोखरच खुर्चीतून उठून पुढे गेली आणि तिने सात मिनिटं समजावून सांगितलं. दुसरं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर अक्षराने ते प्रमाणपत्र आईच्या कपाटात, आईच्या डिग्रीच्या फाइलमध्ये नेऊन ठेवलं.

ती फाइल आसावरीने नंतर दोनदा उघडली होती. दोन्ही वेळा पटकन मिटली.

शुभंकर सॉफ्टवेअरमधला. त्याने पहिल्याच दिवशी, "आपण रोज सकाळी पंधरा मिनिटं पुलाची मीटिंग घेऊ या," असं सुचवलं होतं आणि त्याला पुलाच्या खोलीतून बाहेर काढण्यात आलं होतं. तो सुटला. आसावरीचं मात्र अवघड होतं, कारण पुलाची खोली म्हणजेच जेवायची खोली.

तिने शपथ पाळली. तोंडातून अक्षर काढलं नाही. पण त्या आठवड्यात घरात त्रिकोण सोडून काही शिजलं नाही. सोमवारी घडीच्या पोळ्या, टोकं इतकी अणकुचीदार की अद्वैतपासून लांब ठेवाव्या लागल्या. मंगळवारी सँडविच. बुधवारी सामोसे. गुरुवारी शुभंकरने ताटात बघितलं आणि घास हातातच राहिला.

"आसू, इडली त्रिकोणी का आहे?"

"कापली."

"का पण?"

"छान दिसते म्हणून."

"बाबा," अक्षरा ताटातून मान वर न करता म्हणाली, "ती मला हिंट देतेय."

"कसली?"

"ते मला माहीत नाही. पण देतेय. आई, बंद कर."

शुक्रवार उजाडला. स्पर्धा शनिवारी सकाळी. दुपारी अक्षरा शाळेत, शुभंकर कोरमंगलाच्या ऑफिसात, आणि अद्वैत पावणेतीनला झोपला. त्याची झोप चाळीस मिनिटांची. या चाळीस मिनिटांत आसावरी जुन्या ऑफिसच्या मेलला उत्तर देणार होती, केस धुणार होती आणि एक कप चहा गरम असताना पिणार होती. त्यातला चहा तिने केला आणि तो घेऊन, नुसतं बघायला म्हणून, पुलासमोर बसली.

नुसतं बघायला म्हणून तिने करंगळीने पुलाला किंचित ढकललं.

पूल लवंडला. मोडला वगैरे नाही. वडीलधारं माणूस आल्यावर बाजूला सरकावं तसा अदबीने तिरका झाला आणि बोट काढल्यावर पुन्हा सरळ. आठ वर्षांत तिने असला पूल नजरेखालून जाऊ दिला नव्हता. उद्या दोन बाकांमध्ये हा ठेवणार, मधोमध बादली टांगणार, वजन घालणार, आणि सगळ्या हॉलसमोर... दोन किलो. फार तर दोन किलो पेलेल.

मग पुढचं सगळं हातांनी परस्पर केलं. एक उरलेली काडी. फेविकॉल. मधल्या चौकोनात एक, फक्त एकच तिरकी काडी. वर वाळत घालायच्या कपड्यांचे दोन चिमटे. चिमटा शब्द हमीपत्रात होता, हे तिला चिमटा लावून झाल्यावर आठवलं.

ती कोरी काडी इतरांत उठून दिसत होती, म्हणून आसावरीने तिला डोळे काढले. सुबक आले. हाताची सवय! सुबक आले म्हणून पापण्या काढल्या. आता नाव. आसावरीच्या डोक्यात त्या क्षणी एकच नाव आलं. तिच्या लहानपणी गणिताच्या पुस्तकात जी सदोदित डझनाने केळी विकत घ्यायची आणि अर्धी मैत्रिणींत वाटायची, तिचं. तिने लिहिलं, मालती.

"अक्का, कढीपत्ता."

आसावरी ताडकन उठली. दारात शेजारचे मल्हारराव उभे. अद्वैत जागा होऊ नये म्हणून ते बेल वाजवत नसत. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलं ते इकडचंच झालं. बंगळूरच्याच शिवाजीनगरात त्यांचा फर्निचरचा कारखाना होता, आणि आता मुलाने जबरदस्तीने निवृत्त करून या अकराव्या मजल्यावर आणून ठेवल्यामुळे ते दिवसभर कुंड्यांतला कढीपत्ता शेजाऱ्यांना वाटत असत. त्यांनी पुलाकडे पाहिलं. चिमट्यांकडे पाहिलं. आसावरीच्या बोटांवरच्या फेविकॉलकडे पाहिलं.

"अय्यो, अक्का."

"काका, तुम्ही काही पाहिलं नाही."

"मी काही पाहिलं नाही," मल्हारराव कढीपत्ता टेबलावर ठेवत म्हणाले. "पण जे मी पाहिलं नाही, ते सरी नाही, बरोबर नाही."

"एकच काडी आहे हो."

"आमच्या कारखान्यात हातोडा पण एकदाच मारायचो. टेबल कुणी केलं म्हणून विचारलं की तेवढ्यावर माझंच नाव सांगायचो." आणि जाता जाता मागे वळून, "काडी मात्र बरोबर जागी मारलीत."

आत अद्वैतने टाहो फोडला. चहा गार झाला होता. अक्षरा घरी येईपर्यंत चिमटे निघाले होते, आणि त्या संध्याकाळची हजेरी तिने उद्या हॉलमध्येच घ्यायची म्हणून राखून ठेवली.

शाळेच्या हॉलमध्ये सत्तावीस पूल मांडले होते. एकाला दिवे होते, लुकलुकणारे. एकाला तारांचे झोके होते. हर्ष नावाच्या मुलाच्या पुलावर चक्क टोलनाका होता, आणि त्याचा दांडा आपोआप वर-खाली होत होता. हर्ष तो दांडा तोंड उघडं टाकून बघत होता, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा. प्रत्येक टेबलामागे एक मूल आणि मुलाच्या मागे दोन पालक, हात पाठीशी बांधलेले.

अक्षराने पूल टेबलावर ठेवला, वही काढली आणि हजेरी सुरू केली. मल्हारराव मुद्दाम स्पर्धा बघायला सोबत आले होते. नवलकोलाच्या आवाजाला त्यांनी मनापासून दाद दिली. आसावरी अद्वैतला कडेवर घेऊन शेजारच्या पुलाचे दिवे फार आवडल्यासारखी तिकडेच बघत राहिली.

हजेरी संपली. अक्षराने वही बघितली. पूल बघितला. बोटाने पुन्हा मोजलं.

"आई."

"हं?"

"मालती कोण?"

"मालती?" शुभंकर मदतीला धावला, कारण त्याला खरंच काही माहीत नव्हतं. "तुमच्या वर्गात नाही का?"

"आमच्या वर्गात दिव्यश्री आहे. नयना आहे. मालती आमच्या अख्ख्या शाळेत नाही."

मल्हारराव खाकरले. "आमची एक आत्या होती मालती."

"आणि हिला पापण्या आहेत," अक्षरा म्हणाली. "मी कुणालाही पापण्या काढलेल्या नाहीत."

आसावरीने अद्वैतला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. खोटं बोलायला जागा होती. मुलं विसरतात, मोजताना चुकतात, तूच काढली असशील बाळा. ही वाक्यं जिभेवर तयार उभी होती. तिने अक्षराकडे पाहिलं. पोरगी रागावलेली नव्हती. तिला फक्त कुणीतरी 'मी नाही लावली' असं म्हणायला हवं होतं.

"मी लावली," आसावरी म्हणाली. "काल दुपारी."

अक्षराने वही मिटली. खूप हळू मिटली.

"मग हा माझा नाही."

"अगं, एकच... मी आत्ता काढून टाकते, थांब."

"हात लावू नकोस!"

हे इतक्या जोरात आलं की सव्वीस टेबलांमागच्या बावन्न पालकांनी दचकून आपापले हात आणखी मागे घेतले.

अक्षराने पट्टी घेतली, मालतीच्या बुडाशी घातली आणि दात-ओठ खाऊन वर उचकटली. कट्! मालती निघाली, पण निघता निघता नवलकोलाचा टवका घेऊन निघाली. पूल शहारला. आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शुभंकरने तिचा दंड धरला, सांत्वनासाठी की आवरण्यासाठी, कुणास ठाऊक.

मालतीला मुठीत धरून अक्षरा तडक सुप्रीता मिसच्या टेबलाशी गेली. त्या विज्ञान शिकवायच्या आणि आज एकट्याच परीक्षक होत्या.

"मिस, माझ्या आईने हात लावला. एक काडी. मी ती काढली. पण हमीपत्रात लावणार नाही असं लिहिलंय आणि आईने लावला, म्हणून मी बाहेर आहे का, ते सांगा."

सुप्रीता मिसनी चष्म्यावरून आसावरीकडे पाहिलं. अख्ख्या हॉलने पाहिलं.

"हो," आसावरी म्हणाली. "मीच. पावणेतीनच्या सुमाराला. चिमटासुद्धा वापरला."

मिसनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, नऊ वर्षं मी ही स्पर्धा घेते. कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग त्यांनी हॉलवर सावकाश नजर फिरवली. दिव्यांवरून, झोक्यांवरून, टोलनाक्यावरून. पालकमंडळी एकदम छताचे पंखे बघू लागली.

हर्षला राहवलं नाही.

"मिस, माझ्या पपांनी फक्त थोडंसं..." त्याने वर-खाली होणाऱ्या दांड्याकडे पाहिलं. "सगळं केलं."

"हर्ष!" मागून पपा कळवळले.

"मी सेल आणले होते," हर्ष म्हणाला.

आणि मग धरण फुटावं तशी पोरं फुटली. माझ्या मम्मीने. माझ्या ट्यूशनच्या सरांनी. माझ्या काकांनी, त्यांच्या ऑफिसच्या मशीनवर. एक चिमुरडी रडत रडत म्हणाली, "मी पूल अजून बघितलाच नाही, तो कापडाखाली आहे." चमचावाले वडीलही सापडले, त्यांचं म्हणणं, यंदा त्यांनी कटाक्षाने काटाच वापरला होता.

सुप्रीता मिसनी टेबलावर डस्टर आपटलं.

"बाहेर कुणीही नाही. नाहीतर सगळ्यांसाठी मागवलेले सामोसे मला एकटीला बसून खावे लागतील. आता प्रत्येकाने पुढे येऊन आधी सांगायचं, यातलं तुझं काय. मग वजन."

असं झालं. हर्षचा पूल चौदा पुडे पेलून उभा राहिला, आणि त्याच्या नावापुढे मिसनी 'सेल' असं लिहिलं. पुडे मिठाचे होते, अर्ध्या-अर्ध्या किलोचे. प्रयोगशाळेतली खरी वजनं कुणीतरी दारं उघडी ठेवायला नेली होती.

अक्षराची पाळी आली.

"यातलं तुझं काय?"

"चौऱ्याऐंशी काड्या. नवलकोल जखमी आहे, पण माझाच आहे."

पूल दोन बाकांवर ठेवला, बादली अडकवली. पहिला पुडा. दुसरा, तिसरा. पूल हळूच एका कुशीला झुकला. चौथा. दोन किलो झाले. हिशेबाने आता पडायला हवा. पाचवा. पडला नाही. सहावा. आसावरीने डोळे बारीक करून पाहिलं. पोरीने प्रत्येक सांध्यावर फेविकॉलचा एवढा थर दिला होता की त्यात काडी दिसत नव्हती. हे असलं काही तिच्या आठ वर्षांच्या आकडेमोडीत कधी आलंच नव्हतं. सातवा.

"थांब," मल्हारराव स्वतःशीच पुटपुटत होते, "स्वल्प थांब, पुट्टी, पडू नकोस पोरी..."

आठव्या पुड्याला पूल तिरका, आणखी तिरका झाला आणि धाडकन कोसळला. काड्या चारी दिशांना उडाल्या. ड्रायव्हरकाका पहिल्या रांगेत जाऊन पडले. अक्षराने आ वासला, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून आसावरीला कळेना की ही आता रडणार की काय. ती हसत होती. पडलेल्या दाताची फट दाखवून, खांदे उडवून हसत होती.

"का पडला?" मिसनी विचारलं.

"मी बघितलं ना! आधी मधला चौकोन तिरका झाला. त्याने शेजारच्याला ढकललं. शेजारच्याने त्याच्या शेजारच्याला. प्रार्थनेच्या रांगेत मागून कुणी धक्का दिला की होतं ना, तस्सं."

"मग पुढच्या वेळी काय करशील?"

अक्षराने विचार करायला डोळे वर नेले. आसावरीच्या घशात तो शब्द येऊन बसला होता, तीन बाजूंचा, तीन टोकांचा, टोचणारा. तिचं तोंड उघडलं. शुभंकरने भेदरून तिच्याकडे पाहिलं. अद्वैतच्या हातात लाळेने भिजलेला अर्धा रस्क होता. आसावरीने तो काढून घेतला आणि अख्खा आपल्या तोंडात कोंबला.

"माहीत नाही," अक्षरा म्हणाली. मग फार खुशीत, "अजून माहीत नाही. बघते."

सत्तावीसांत तेविसावी आली. घरी जाताना कॅबमध्ये तिच्या मांडीवर काड्यांची पिशवी होती, पुढे ड्रायव्हरशेजारी मल्हारराव, मागे बाकीचे चौघे. अद्वैत रस्क गेल्याचं दुःख विसरून झोपला होता. सर्जापूर रोडला लागायच्या आधी फ्लायओव्हर लागतो. कॅब त्यावर चढली आणि बरोबर मध्यावर ट्रॅफिकमध्ये अडकली. पलीकडच्या बाजूने काही अवजड गेलं की फ्लायओव्हर हलका थरथरत होता.

आसावरी खिडकीतून बाहेर बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

"आई, तू गप्प का आहेस?"

"तूच म्हणालीस ना, बोलायचं नाही."

"बोल की." अक्षरा तिच्या बाजूला सरकली. "पुलाबद्दल सोडून काहीही बोल."

आसावरीने कठड्याकडे पाहिलं. दोन भागांमधल्या सांध्याकडे पाहिलं. पलीकडे नव्याने उभ्या होणाऱ्या खांबांच्या रांगेकडे पाहिलं. विचार केला. बराच केला.

"आज ऊन आहे," ती म्हणाली.

"हं."

"चांगलं आहे ऊन."

शुभंकरने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. पुढून मल्हारराव मान न वळवता म्हणाले, "अक्का, स्वल्प अजून प्रयत्न करा."

अक्षराने आईच्या दंडावर डोकं टेकवलं. "चालू दे," ती म्हणाली. "उन्हाचंच सांग."